कामठा की फुलचूर

रविवार, संध्याकाळ. गोंदिया, मुलीच्या घरी.

पाय नुसते भरून आलेत. चंद्रपूर सोडून मुलीजवळ राहायचं ठरलं खरं, पण या वयात नव्या जिल्ह्यात घर शोधायचं म्हणजे निम्मा जीव त्यातच जातो.

आज पाहिलेल्या दोन घरांपैकी कामठ्याचं घर मनातून जात नाही. मागच्या दारी तलाव, काठच्या पाळीवर आंब्याची झाडं, पाण्यात पांढरी कमळं. चौथीच्या पुस्तकातली कविताच जणू. तिथं उभं राहून मी चार ओळी मोठ्यानं म्हटल्यासुद्धा. फुलचूरला काय, दोन खोल्या आणि समोर रस्ता. तो तलाव मात्र... जाऊ दे.

पण फुलचूरला सौ.नं घरमालकिणीला हळूच विचारलं, "एकटी बाई राहिली तर चालते ना?" मी ऐकलं. परत येताना ऑटोत विचारलं, "एकटी काऊन म्हणालीस?"

"तुमी काय अमरपट्टा घेऊन आले? आन् त्या कामठ्यात मी कोणासंग बोलू? तुमच्या कमळांसंग?"

ऑटोवाला हसला. मीही हसलो. म्हणजे दिवसभर ही माझ्या माघारी राहायचं घर पाहून राहिली होती, आणि मी कमळं. बेचाळीस वर्षांच्या संसारात एवढं कळू नये?

फुलचूरच घ्यायचं. माझं लिहायचं टेबल तिथं मावेल की नाही, ते राहू दे. त्या गल्लीतल्या बायका संध्याकाळी दारात बसतात का, तेवढं उद्या जाऊन पाहून येतो.