बाबांचं मत

गाईस, १० सप्टेंबर १९३९

प्रिय कोनराड,

तुम्ही दोघं बरी असाल असं धरून चालते. इथे गवताची दुसरी कापणी उरकली. माझा गुडघा कुरकुरतो, पण चाललंय.

तुझा वेर्नर गुरुवारी येऊन गेला. त्याची पलटण सरहद्दीवर, ऱ्हाईन नदीच्या काठाला निघाली होती, तासभर सुटी मिळाली. दोन वाडगी सूप प्यायला, चीज मागून घेतलं. गणवेश खांद्यात ढगळ होत होता, तेवढा शिवून दिला. जाताना दारात थांबला. "आत्या, एक विचारू? आजोबा शेवटी बाबांशी का बोलत नव्हते? बाबांना विचारलं की ते उठून जातात."

"जुन्या गोष्टी रे," मी म्हटलं. पोर गेलं. तेव्हापासून मला चैन नाही.

आपल्या देशाने राष्ट्रसंघात जायचं की नाही, त्या मतदानाचा रविवार आठवतो ना? मे महिना, १९२०. तू नि आपले बाबा विरोधात. "लोकांची भांडणं आपल्या दारात कशाला? आपण तटस्थच बरे," असं तू खानावळीत मूठ आपटून सांगायचास. मी मात्र राष्ट्रसंघाच्या बाजूचं पत्रक पाठ केलं होतं. तंटा आधी सगळ्या देशांपुढे मांडायचा, निवाड्यानंतरही तीन महिने शस्त्र उचलायचं नाही, तोफा कमी करायच्या, गुपचूप करार बंद. तीन महिने, कोनराड! चौदा साली लढाई पेटली तेव्हा माझ्या आलोइसला ऱ्हाईनच्या पलीकडच्या काठावरून, तिकडच्या सम्राटाच्या फौजेत, आठवड्याच्या आत उचलून नेलं होतं. लग्नाचे पडदे मी अजून भरतच होते. गॅलिशियाच्या आघाडीवरून त्याची टोपीसुद्धा परत आली नाही. आणि आम्हा बायकांना मत नव्हतं.

त्या रविवारी कबूल केल्याप्रमाणे तू बाबांना मतदानाला न्यायला गाडी धाडलीस. ती आली होती. मी फाटकातच गाडीवानाला म्हटलं, "बाबांना ताप आहे, परत जा." बाबा आत कोट घालून, काठी घेऊन बसले होते. त्यांना सांगितलं, "कोनराडचा निरोप आलाय. म्हणतो, म्हाताऱ्याला तिथवर ओढत न्यायला मला वेळ नाही."

ते वाक्य मी रचलं.

संध्याकाळी तू ताप कसा आहे ते विचारायला आलास. बाबांनी भिंतीकडे तोंड केलं. "आता मिळाला वाटतं वेळ," एवढंच बोलले. तू माझ्याकडे पाहिलंस. मी दुधाचं भांडं घासत राहिले.

वाटलं होतं, चार दिवसांनी सांगेन. देश निसटत्या फरकाने सामील झाला, मी आनंदाने रडले, आणि सांगणं राहून गेलं. नोव्हेंबरात बाबा गेले. तू गाव सोडून विंटरथूरला गेलास. त्यांच्या एका मताने काहीच अडलं नसतं, हे निकाल ऐकतानाच मला कळलं होतं.

आता पुन्हा लढाई पेटलीय. जिनिव्हात राष्ट्रसंघात बसलेल्यांना बोल लावायला माझी जीभ उचलत नाही. मला एवढ्याशा घरातली शांतता राखता आली नाही.

बाबांचा राग तुझ्यावर नव्हता रे. मी तुझ्या तोंडी घातलेल्या शब्दांवर होता. वेर्नरला तू सांग, माझ्याच्याने होणार नाही. उत्तर पाठवलं नाहीस तरी मी समजेन.

'तुझी बहीण' असं लिहायला हात धजत नाही म्हणून नुसतीच,
ओटिलिया