शंभरपर्यंत मोजणारी डबी

३ तारीख, सोमवार

आले एकदाची लेकाकडे! नात झाली हो मला, आणि नाक थेट माझं. सुनेनंसुद्धा मान्य केलंय. बाळाचं दूध नि झोप लिहायला तिनं ही वही दिली. मी चौथीपर्यंत शिकलेली, तरी अक्षर तिच्यापेक्षा बरंय. वाचलं तर वाचू दे. घर लेकाच्या कारखान्याच्या भिंतीला चिकटून, वासामुळे खिडक्या कायमच्या बंद. पाळण्याच्या वर त्याच भिंतीत एक जाळी, शेजारी डबी. जाळीतून वायू आला की डबीचा पिवळा दिवा लागतो. दहा आकडे मोजेपर्यंत विझला नाही, तर भोंगा. मध्येच विझला, तर मोजणी पुन्हा एकपासून. मी म्हटलं, लगेच का नाही वाजत? लेक म्हणाला, दुधाला पहिला बुडबुडा आला म्हणून तू धावतेस का? उतू जायला लागलं की धावतेस ना, तसं.

५ तारीख, बुधवार

भोंगा दोनदा बोंबलला, दोन्ही वेळा उगीच. पलीकडे कोणी झाकण उघडलं होतं म्हणे. बाळ रडून रडून लालबुंद. लेकाला म्हटलं, गप्प कर बाबा त्या भोंग्याला. तर म्हणतो, आई, तुझ्यापेक्षा कमीच ओरडतो की तो! पण आईचा शब्द मोडेल होय? कामावर जाऊन दहाचे शंभर करून आला. खरी गळती काही शंभरात थांबत नाही, म्हणाला.

९ तारीख, रविवार

भोंगा नाही. बाळ इतकं गुणी, चार-चार तास झोपतं. सूनही दुपारी आडवी होते. माझीच दृष्ट लागायची. दिवा मधूनमधून लागतो, मी गोधडीच्या टाक्यांवर मोजते. वीस. चाळीस. विझतो बिचारा.

१२ तारीख, बुधवार

आज अठ्ठ्याण्णव. कालही अठ्ठ्याण्णव. विझतो, नि लगेच पुन्हा लागतो. शंभर म्हणून होत नाहीत. जाळीमागे कोणी श्वास धरून माझ्याबरोबर मोजतंय. लेक हसला. तिकडे कारखान्यात भोंग्याची नोंद शून्य, साहेब खूश. पुन्हा दहा कर म्हणून मी लेकाचे पाय धरायचीच राहिले. आता बदलायला साहेबांची सही लागते, उद्या घेऊन करतो म्हणाला.

१३ तारीख, दुपार

बाळ नऊ तास झोपलंय. दूध नाही. सुनेला हलवलं. आई, थांबा ना, म्हणाली — मग काहीच नाही.

कारखान्यात फोन केला. कोणीतरी विचारलं, भोंगा वाजला का? नाही? मग वाजला की कळवा. लेक साहेबांच्या दाराशी, सहीसाठी —

दाराची कडी हाताला लागते, सरकत नाही. पाय माझे राहिले नाहीत. बाळाला छातीशी घेतलंय. माझं नाक. अजून हलतंय —

दिवा लागला. वाज रे बाबा. मीच तुला गप्प केलं, आता ओरड —

शहाण्णव. सत्त्याण्णव. अठ्ठ्याण्णव —

विझला.

जाळीतून कोणी श्वास सोडला.

लागला. एक. दोन. ती