तीन मिनिटांचा धवला

मुरुड
५ डिसेंबर १९५६

ती. दयादादास,
नलूचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. बाबा होडीवर जातात, नीराआत्या सगळ्यांवर ओरडते, म्हणजे घर ठीक चाललं आहे.

तू नि सदाने मातीच्या घुमटावर आणि पितळेच्या घागरीवर ताल धरून सुरू केलेलं गाण्याचं मंडळ तू मुंबईला गेल्यावर बुडेल असं लोक म्हणायचे. बुडालं नाही. वहाब बुलबुलतरंग घेऊन आला, मागून आत्या आली, आणि आता श्रीवर्धनपर्यंत हळदीची बोलावणी येतात. गावात लाल डगल्यांचा ब्यांड निघालाय. आपणही डगले शिवू, असं कोणी म्हटलं की सदा जेवत नाही.

काशीदच्या लग्नात मुंबईच्या एका कंपनीच्या माणसाने आत्याला धवला गाताना ऐकलं. त्याची ग्रामोफोनची तबकडी काढायची म्हणतो. आत्या ऐकत नाही. धवल्यात देवांना बोलावतात, लग्न लावतात, मग देवांना घरी पोचवतात. मांडवाशिवाय बोलावलं तर ते बसणार कुठे, असं तिचं म्हणणं. तू तिचा लाडका. तूच समजाव.

वैशाखात माझं नि सदाचं लग्न आहे. रजा आत्ताच मागून ठेव.

तुझी लहान बहीण,
नलू

माझगाव, मुंबई
२० जानेवारी १९५७

चि. नलूस,
दयारामचे अनेक आशीर्वाद.

फत्ते! आत्याला मांडव हवा होता ना? मी कंपनीच्या खोलीत चार काठ्या उभ्या केल्या, आंब्याचे टहाळे बांधले, नारळ ठेवला. आत्या निमूट बसली. कोटेश्वरीला बोलावलं, एकवीरेला, खंडोबाला, पितरांना, दर्याला. तेवढ्यात तीन मिनिटं संपली आणि साहेबाने हात वर केला. तबकडीच्या एका बाजूला तेवढंच मावतं म्हणे. आत्या म्हणाली, अजून लग्न व्हायचंय. साहेबाने चहा मागवला. मी म्हटलं, राहू दे, देवांना जरा मुंबई बघू दे. ती हसली नाही.

तबकडीवर मंडळाला नाव हवं म्हणून त्यांनी ‘कोकण कला पार्टी’ छापलंय. दुसरीही काढायची आहे, पण घुमट काढून क्लॅरिनेट घालायचं. सदा नि वहाब दोघंही उठून चालू पडले. बरं केलं.

बाबांना नमस्कार सांग.
दयाराम

मुरुड
२ एप्रिल १९५७

ती. दादास,
नमस्कार वि. वि.

तबकडी पोचली. नाक्यावरचा हॉटेलवाला ती दिवसभर लावतो. आत्या मासळी वाळत घालताना ऐकते. प्रत्येक वेळी देव येतात, बसतात, आणि त्यांना उठवायला कोणी नाही. तिने गाणंच सोडलंय. दोन लग्नं परत पाठवली. ती बोलावणी लाल डगल्यांकडे गेली. सदाचं घुमट खुंटीवर आहे.

माझ्याही लग्नात गाणार नाही म्हणते. आधीचे पाहुणे ताटकळत बसलेत, नवीन बोलावणं कुठल्या तोंडाने करू? बाबा म्हणतात, दुसरी धवलारीण आणू. मला दुसरी नको. आई गेल्यावर हिने मला वाढवलं. हिच्या तोंडून लागलं नाही तर ते मला लग्न वाटणारच नाही. दिवसा मी थट्टेवारी नेते. काल मात्र जाळ्यांमागे बसून पोटभर रडले.

मांडव तू घातलास दादा. आता उपाय सुचव.

नलू

माझगाव
१४ एप्रिल १९५७

चि. नलूस,
अ. आशीर्वाद.

कंपनीत गेलो होतो. उरलेला धवला भरून घ्या म्हटलं तर सगळे पोट धरून हसले. मला काही सुचत नाही. रजाही नामंजूर झाली. गोदीत माल आलाय. जिवाला लागलंय, एवढंच लिहितो.

तुझा,
दादा

मुरुड
१९ मे १९५७

ती. दयादादास,
सौ. नलूचा नमस्कार. वि. वि.

‘सौ.’ वाचलंस ना? मग ऐक.

वहाब म्हणाला, देव यंत्राने बोलावलेत तर यंत्रालाच मांडवात आणू. लग्नाच्या दिवशी चुलत्याचा ग्रामोफोन डोक्यावर घेऊन आला. आत्या पाठ फिरवून बसली. तबकडी लागली. तिच्याच आवाजात सगळ्यांना बोलावणं झालं, आणि पुढे नुसती सुईची खरखर. आत्या काही पुढे गाईना. शेवटी दादा, मीच पुढची ओळ उचलली. अंगाला हळद, कपाळाला बाशिंग, आणि नवरी गातेय!

आत्या ताडकन उठली. माझ्या तोंडावर हात दाबला, लाज हाय का न्हाय म्हणाली, आणि त्याच श्वासात माझी अर्धी राहिलेली ओळ तिने पुरी केली. मग थांबलीच नाही. सदाने नवरदेवपण सोडून घुमट मागितलं, तेव्हा त्यालाही शिव्या बसल्या.

लग्न लागलं. आत्याने एकेकाला नाव घेऊन निरोप दिला. देव आपापल्या घरी गेले, मी सदाच्या.

यापुढे पत्र त्याच्याच पत्त्यावर घाल. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
नलू