तिसरी पुकार

प्रिय ईश्वर,

प्रभूच्या नावाने सलाम. धुळ्याला थंडी पडली असेल. इकडे पिंपळनेरच्या अंगाला भात कापून झाला आणि तुझ्या आईने, कस्तुराबाईने, लग्नासाठी आतापासूनच अंगण सारवून ठेवलंय. भेटेल त्याला सांगते, "मना पोऱ्यानं लगीन शे, बठ्ठा गावले बलावसू." सगळं गाव जेवायला बोलावणार आहे. एकटीने मजुरी करून तुला वाढवलं तिने. ती हसते तेव्हा बरं वाटतं, आणि मी नजर चुकवून पुढे जातो. तुझ्यावाचून चर्चच्या ढोलकीचे हाल आहेत. तुझ्या जागी चुडामण बडवत सुटतो आणि गाणारे त्याच्यामागे धापा टाकतात.

आपली रीत तुला ठाऊक आहे. लग्नाआधी तीन रविवार मी, पाळक म्हणून, दोघांची नावं चर्चमध्ये पुकारायची आणि कुणाची हरकत आहे का, असं विचारायचं. तुझं आणि सरिताचं नाव दोनदा पुकारून झालं. दोन्ही वेळा कुणाची हरकत आली नाही. सरिता पुढच्याच सतरंजीवर होती, लाजून पदर सारखा करत. विचारणारा मीच, आणि उत्तर माहीत असणाराही मी एकटाच.

उन्हाळ्यात आपण चर्चची कौलं चाळत होतो. तू खालून कौल देत होतास आणि माझ्याकडे न बघता म्हणालास, "नाना, मनं मन पोरीसकडे जात नही. पोऱ्यासकडे जास." मी शिडीवरून उतरलो, तुझ्याशेजारी बसलो. तू खूप रडलास. देवाने तुला टाकलेलं नाही, एवढंच मला म्हणता आलं. आयुष्यभर शास्त्र वाचतोय, तरी याबाबत मला सगळं कळलंय असं म्हणणार नाही. तुझ्या डोक्यावर हात ठेवला तेव्हा मला माझं लेकरूच दिसलं. पुढे धुळ्याच्या सभेत एका पाहुण्या उपदेशकाने तुला सांगितलं, लग्न कर, सगळं सुटेल. तू हो म्हणून बसलास. सुटलं का रे? परवा फोनवर विचारलं, तर तू कापसाच्या भावावर गेलास.

सरिता काही औषधाची बाटली नाही. तिचाही पाळक मीच आहे.

म्हणून हे पत्र. येत्या रविवारी तिसरी पुकार. तुझं गुपित माझ्या तोंडून फुटणार नाही. पण त्याआधी तू स्वतः सरिताला सांगितलं नाहीस, तर मी नावं पुकारणार नाही. ऐकूनही ती हो म्हणाली, तर तिघं बसून बोलू. कुणी विचारलं तर सांगेन, हरकत पाळकाची आहे. कारण सांगणार नाही. कस्तुराबाई मला शिव्या घालेल, चर्चचे पंच माझी बदली मागतील. मागू देत, तुझ्याकडे कुणी बोट दाखवायला नको. शनिवारच्या एसटीने ये. सरिताकडे जाताना मी सोबत येतो, आईकडेही येईन. रविवारी प्रभुभोजनाला माझ्यासमोर बस. भाकर पहिली तुझ्या हातात देईन, आणि मग ढोलकी घे.

तुझाच,
वना नाना