मध्यंतरातली बिअर

लीड्स, १० मार्च १९६३

ती. आयडाताईस,
शि. सा. न. वि. वि.

आमचा कॉलेजचा जॅझ बँड मोडला. मोडला काय, आम्हीच मोडला. शनिवारच्या नाचात मध्यंतर झालं की बँडने समोरच्या पबमध्ये जायचं, ही जुनी रीत. तेवढ्यात नाचणारे पांगू नयेत म्हणून आमचा म्होरक्या क्लाइव्ह, त्यानेच तीन गिटारवाली पोरं आणून बसवली. आमची बिअर निवांत झाली. काल परतलो, तर लोक त्यांना खाली उतरू देईनात. एका मुलीने मला गोड आवाजात विचारलं की आजोबा, तुमचं अजून बाकी आहे का. विशीतच आजोबा झालो बघ.

आता क्लाइव्हनेही गिटार घेतली. माझा ट्रॉम्बोन कुणालाच नको. पण मला खरी धास्ती बाबांची. दात काढल्यावर फुंकता येईना, म्हणून त्यांनी आपला ट्रॉम्बोन मला दिला आणि गावच्या बँडमध्ये स्वतः ढोलावर गेले. आणि मी शहाणा, नाताळात त्यांनाच ऐकवलं की स्वरलिपीचा कागद बघून वाजवणं म्हणजे कारकुनी. आता कोणत्या तोंडाने सांगू? तूच जरा कानोसा घे.

माया आहेच, ती आटू देऊ नकोस.

तुझा
डेस्मंड


डॉबरॉइड, १४ मार्च

चि. डेस्मंडास अनेक आशीर्वाद.

कानोसा कसला घेते, जेवताना सरळ सांगून टाकलं. बाबांनी काटा खाली ठेवला. म्हटलं, आता भडका उडणार. तर म्हणाले, त्या गिटारवाल्या पोरांचं भलं होवो.

अरे, आपल्या गावच्या बँडचा ट्रॉम्बोनवाला ईनॉक कॉव्हेंट्रीला कामाला गेला. जूनच्या मिरवणुकीत बँड उतरणार कसा, या काळजीने बाबांची झोप उडाली होती. तुला बोलवा म्हणून सगळे मागे लागले, पण बाबा ऐकेनात. तो आता शहरातला वादक, त्याला कशाला आमच्यात ओढायचं, म्हणायचे. कवळी लावून स्वतःच शेडमध्ये वाजवून पाहिलं, तर कुत्रा शेजारी राहायला गेला.

आता घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडलाय. आई बाबांचा बँडचा जुना कोट तुझ्या मापाचा करतेय, बाबा गुंड्या घासताहेत. शनिवारी तालमीला ये. कारकुनीच करायची आहे, असा खास निरोप आहे.

कागद वाचायचा सराव गेला असेल तर घाबरू नको. मिरवणुकीत ट्रॉम्बोन पुढे असतो आणि ढोल मागे. बाबा म्हणाले, त्याला सांग, चुकला तर मी पाठीशीच आहे.

लोभ वाढता ठेव, आणि मोजे धुऊन आण.

तुझी
आयडाताई