वरची चौकट

३ तारीख, सोमवार
लागली नोकरी! काचेची इमारत, फिरती खुर्ची, फुकट कॉफी. सगळा देश ज्या अ‍ॅपवर दिवसभर बडबडतो, त्याचं हे ऑफिस. मंत्रालयातून नकोशा पत्रकारांची यादी येते, आम्ही तीन तासांत त्यांना ‘झोपवायचं’. खातं बंद करत नाही, उगाच बोभाटा होतो. पत्रकार लिहीत राहतो, त्याचं त्याला दिसतं, बाकी कुणालाच नाही. टेबलावर आधीच्या माणसाचा मग होता. तो कुठे गेला, कुणालाच आठवेना. मग कचऱ्यात टाकला.

६, गुरुवार
नियम असा, की प्रत्येकाचं लिखाण वाचून मगच नावापुढे खूण करायची. वाचतो कोण! यादीच्या वरच्या चौकटीत एकच खूण केली, की सगळे एकदम गप्प. चाळीस नावं, चार सेकंद. मॅडमनी पाठ थोपटली. शेजारचा नंदीबैल, म्हणजे मॅडम काहीही बोलल्या की मान डोलावणारा, पार जळून गेला. आणि चार ओळींना टरकणारे ते मंत्रालयातले साहेब म्हणे देश चालवतात!

९, रविवार
ताई घरी आली होती. पत्रकार आहे, नळाच्या दूषित पाण्यामागे हात धुऊन लागलीय. चार दिवसांत तिच्या बातमीला एक प्रतिक्रिया नाही. मला म्हणाली, तू शेपूट हलवतोस. मी म्हटलं, शेपटीचाच पगार मिळतो. आईला तिने तीनदा बजावलं, पाणी उकळून पी. आई ढिम्म. नळाखाली पेला धरला आणि प्यायली. आईचे कान तपासायला हवेत.

१०, सोमवार
जुनी यादी उघडली. सदतिसावं नाव ताईचं. खूण माझी.
उठवायचं तर तक्रार तिच्याच खात्यावरून यायला हवी. तिच्या खात्यावरून आलेलं आम्हाला दिसत नाही. कुठल्या गाढवाने केला हा नियम? मॅडमवर ओरडलो. त्यांनी शांतपणे माझं नाव लिहून घेतलं.

१२, बुधवार
आई दवाखान्यात. ताप उतरत नाही. कुरकुरली, ताई फिरकलीसुद्धा नाही. ताई उशाशीच बसलेली, आईचा हात धरून, रडत. ती फक्त मला दिसते, तिचं बोलणं फक्त मला ऐकू येतं. खूण करणाऱ्यालाच येत असावं.
पाण्याचं मीच डॉक्टरांना सांगितलं. भला माणूस. नळ बंद करायला लावला, अ‍ॅपवरही लिहितो म्हणाले.

१३, गुरुवार
आजची यादी नंदीबैलाकडे. पहिलं नाव माझं. त्यानेही वरचीच चौकट— माझ्याकडूनच शिकला, हरामखोर.
मी त्याला विचारलं, ऐकू येतंय ना? सवयीने मान डोलावली. मग त्याला मॅडम दिसल्या— त्याची मान खाली.

१४, शुक्रवार
माझ्या खुर्चीत नवी बाई. माझा मग कचऱ्यात.
तिची पहिलीच यादी. साठ नावं. शेवटचं आईच्या डॉक्टरांचं—
कानाशी ओरडतोय. आधी वाच. बाई, एकदा तरी वाच— नंदीबैला, तू तरी सांग, तुला येतंय ऐकू—
तिचा हात वर, चौकटीकडे—