मागच्या चाकांमधला आवाज

४ फेब्रुवारी

पुन्हा आला! काटा साठच्या पुढे गेला की मागून — अगदी मागच्या सीटच्या खालून — कुणी तोंड मिटून कण्हावं तसा. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की गप्प. पाय दिला की पुन्हा सुरू. आज मोठ्या पुलावर मुद्दाम तसं करत राहिले. मागचा गाडीवाला हॉर्न मारून मारून वैतागला बिचारा.

गप्प होतो तेव्हाच जास्त भीती वाटते. जणू कुणी कान देऊन बसलंय.

६ फेब्रुवारी

दिवसभर मी दुसऱ्यांचे कान तपासते. आज पेशंट संपल्यावर स्वतःच काचेच्या खोलीत बसले, हेडफोन चढवले आणि मदतनीस बाईंना बटणं दाबायला लावली. कान ठणठणीत. "मॅडम, काय होतंय का?" — "छे, मशीन बघत होते." थाप!

म्हणजे आवाज माझ्या डोक्यात नाही, गाडीतच आहे. याचा आनंद मानावा की धसका घ्यावा?

९ फेब्रुवारी

गाडी त्याची, माझ्या नवऱ्याची. आत मऊ चामड्याच्या सीटा, चकचकीत लाकडी पट्ट्या — आणि खालून चिखल, दगडधोंडे, डोंगर, कशाला म्हणून न जुमानणारी. तिला पुसायला तो मऊ फडकं वेगळं ठेवायचा. मी तिला सवत म्हणायचे. "सवतीला जेवायला वाढू का?" तो हसायचा.

तो गेल्यापासून ती शेडमध्ये ताडपत्रीखाली होती. मी तिकडे बघायचीही नाही. पण माझी छोटी गाडी मोडीत निघाली, आणि सासूबाईंना डोळ्यांच्या इंजेक्शनसाठी घाटापलीकडच्या हॉस्पिटलात न्यावं लागतं. नाइलाज. गेल्या महिन्यात ताडपत्री काढली.

लिहायचं नव्हतं, पण लिहिते. गेल्या वर्षी तो आणि धाकटा — माझा दीर — जंगलातल्या कच्च्या रस्त्याने गेले होते. वाटेत नदी आडवी. गाडी घालण्याआधी पाणी किती आहे ते बघायला तो पायी उतरला. वर डोंगरात पाऊस झाला होता. लोंढा आला. धाकटा काठावर. "मला काही करता आलं नाही," पोलिसांना एवढंच म्हणाला. आम्हालाही एवढंच. गाडी काठावर धडधाकट उभी सापडली. तो पार खाली, बंधाऱ्याच्या दाराशी.

घर माणसांनी भरलेलं असताना सासूबाई धाकट्याला सगळ्यांदेखत म्हणाल्या, "काठावर उभा राहून भावाला वाहताना बघत होतास?" मी त्यांना अडवलं नाही. मलाही तेच विचारायचं होतं.

१३ फेब्रुवारी

हॉस्पिटलला गेलो. सासूबाई मागे बसल्या. घाट संपून सपाट रस्ता लागला, मी वेग वाढवला — सुरू!

"अगं, मागे कोण आहे?"

"कोणी नाही, आई. गाडीचा आवाज."

मग त्या अगदी हळू म्हणाल्या — "लहानपणी ताप चढला की असाच कण्हायचा."



१६ फेब्रुवारी

शेवटी गॅरेजवाल्याकडे गेले. बोलका माणूस, पोटावर ग्रीसचा कायमचा नकाशा. गाडी घेऊन एक चक्कर मारून आला. "ताई, टायर झिजलेत. टायरच ओरडतायत." टायर बदलले. आवाज तसाच! मग म्हणाला, "चाकाचं बेअरिंग असेल." तेही बदललं. तसाच! बिचारा ओशाळला. "आता राहिला डिफरन्शियल," म्हणाला. मागच्या दोन चाकांच्या मधोमध लोखंडी गोळा असतो, आत दातेरी चाकं तेलात फिरतात, वळताना बाहेरच्या चाकाला जास्त पळू देतात — हे हाताने दोन बशा फिरवल्यासारखं करून दाखवलं. "तो उघडायला गाडी ठेवावी लागेल. तोवर चालवू नका. आतलं काही तुटून अडकलं, तर मागची चाकं जागच्या जागी जाम होतील. भर रस्त्यात!"

"बघते," म्हणाले. आणि गाडी घेऊन घरी आले.

का आणली? ठेवली असती तर आवाज गेला असता.

१८ फेब्रुवारी

सासूबाई स्वतःहून म्हणाल्या, "चल ना, जरा फिरून येऊ." वर्षात पहिल्यांदा!

२१ फेब्रुवारी

रोजचंच झालंय. क्लिनिकमधून आले की त्या चप्पल घालून तयार. त्या मागे, मी पुढे. कुठे जायचं हे त्या सांगत नाहीत, मीही विचारत नाही. सरळ रस्ता लागला की वेग धरते. मग त्या मागे हळू आवाजात बोलत राहतात. आज शब्द ऐकू आले. "बरं, बरं. दुखतंय ना? चला आता घरी."

मी आरशात पाहिलं नाही. हिंमतच झाली नाही. बाजूची रिकामी सीट, तो चालवायचा तेव्हा माझी; तिच्यावर बसल्याची घडी अजून तशीच. एकाएकी वाटलं, मीही बोलावं. 

आम्ही दोघी वेड्या होतोय का?

२२ फेब्रुवारी

धाकटा येऊन गेला. दर आठवड्याला येतो, आईची औषधं दारात ठेवतो, "वहिनी, येतो," म्हणतो. आज शेडचं दार उघडं राहिलं होतं; तिकडे बघून थबकला. "गाडी काढलीत?" त्याचा चेहरा पांढराफटक. "आवाज येतो मागून," मी म्हटलं. मुद्दाम म्हटलं. टोचावं म्हणून.

तो तडक निघाला. जिन्यात धडपडल्याचा आवाज आला.

२४ फेब्रुवारी

मरता मरता वाचलो.

घाटाच्या उतारावर मागे खाडकन् काहीतरी तुटलं. गाडीने हिसका दिला, मागची चाकं अडली, शेपूट दरीकडे फिरलं! समोरून ट्रक. कसं सावरलं, माहीत नाही. ट्रकवाला खिडकीतून शिव्या देत गेला — इतक्या गोड शिव्या जन्मात ऐकल्या नव्हत्या. गाडी कठड्याला टेकून थांबली.

मागे वळले. सासूबाई सीट घट्ट धरून. "मला न्यायला आला होता का गं?"

तेव्हा मात्र मी ओरडले. "आई, तो असा नव्हता! तो तुम्हाला कधीच नेणार नाही!" मग दोघी रस्त्याच्या कडेला बसून रडलो. वर्षभर एकमेकींपासून लपवून रडलो होतो, आज एकत्र.

गाडी ओढून गॅरेजात.

२६ फेब्रुवारी

गॅरेजवाल्याने बोलावलं. गोळा उघडून ठेवलेला. खाली परातीत तेल — तेल कसलं, दूध घातलेला चहा! "पाणी शिरलंय, ताई. वर्षभर आत राहिलं. बेअरिंग गंजली, दात गंजले, म्हणून कण्हत होती." बोटांत चोळून दाखवलं. बारीक वाळू.

नदी. नदी अजून गाडीत होती.

"पण गाडी पाण्यात गेलीच नव्हती," मी म्हटलं.

"गेली होती. आणि मागून." पुढच्या चाकांमध्येही असाच गोळा आहे म्हणे, तो त्याने उघडून पाहिला होता — तेल मधासारखं स्वच्छ. "सरळ घातली असती तर पुढचा आधी भिजला असता. कोणीतरी रिव्हर्समध्ये पाण्यात नेलीय." मग दातेरी चाकाचा एक दात दाखवला, अर्धा उडालेला. "हा गंजाने जात नाही. मागे काहीतरी जड बांधून जोरात ओढलं, हिसका बसला, की असा तडकतो. तडा तेव्हाचा असेल, तुटला परवा."

घरी कशी आले आठवत नाही.

त्या दिवशी तो उतरल्यावर गाडीत एकच माणूस उरला होता.

१ मार्च

धाकटा आला. मी दारातच विचारलं. "भाऊजी, गाडी पाण्यात कोणी घातली?"

तो मटकन् पायरीवर बसला. मीही बसले. सासूबाई आत झोपल्या होत्या.

"दादा मध्येच एका खडकाला धरून होता," म्हणाला. "दोर पोचेना. मागच्या हुकाला बांधला आणि गाडी रिव्हर्स घेत पाण्यात नेली. दादाने दोर पकडला, मनगटाला गुंडाळला. मी पुढे घ्यायला लागलो. चाकं नुसती फिरत होती, वहिनी. नुसती फिरत होती."

"मग?"

"मग दोर सुटला. गाडी एकदम काठावर उडाली."

"एवढं सगळं केलंत, आणि आम्ही वर्षभर तुम्हाला काठावर उभं केलं! का नाही बोललात?"

"बोलून काय? जमलं नाही, एवढंच ना." माझ्याकडे न बघता उठला.

मी हात जोडले. दुसरं काय करणार? त्याने ते पाहिलं आणि घाईघाईने निघाला. माफी ऐकायला माणूस थांबतो. हा पळाला.

३ मार्च

गाडी आली. आत सगळं नवं. सासूबाई मागे बसल्या, आख्खा घाट कान देऊन. सपाटीला मी वेग धरला. काही नाही. नुसता वारा.

"गेला," म्हणाल्या. रडल्या नाहीत. वाटेत मोसंबी घेऊ म्हणाल्या.

मला वाटलं, संपलं.

४ मार्च

सकाळीच दार वाजलं. धाकटा. झोपला नसावा.

"वहिनी, त्या दिवशी खोटं बोललो. गाडी माझ्यासकट आत ओढली जात होती. दादाने ते पाहिलं. मला ओरडून म्हणाला, 'तू जा!' दोर सुटला नाही, वहिनी. दादाने सोडला."